फेसाची मालकी

गडचिरोलीतल्या कोणत्याही आठवडी बाजारात, एटापल्लीला जा की धानोऱ्याला, किराणा मालाच्या पालात शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. थोडे पुढे गेले की जमिनीवर पोते अंथरून बसलेल्या बाया. पुढ्यात आवळे, हिरडा, बेहडा, चारोळी, डिंक, हंगाम असेल तर मोहाच्या बिया, म्हणजे टोळी. व्यापारी तो माल मापून घेतो, गाडीत टाकतो. मिळालेल्या पैशांतून बाई मीठ, तेल, मिरची घेते आणि जाताना त्या माळेतल्या एकदोन पुड्या तोडून नेते. तिने विकलेल्या मालात केस धुण्याचे बरेचसे सामान होते. ते कच्चे आणि स्वस्त गेले.

केस कशाने धुवावेत यावर शहरात ‘नैसर्गिक की रासायनिक’ असा वाद चालतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातून पाहिले की तो वाद अपुरा वाटतो. रिठ्याचा फेसही रसायनच आहे. इथे विचारायचे ते हे, की ज्या झाडांच्या फळांत, बियांत, सालींत हे धुण्याचे रसायन तयार होते त्या झाडांच्या सावलीत राहणाऱ्या बाईला ते स्वतः बनवता येते का, तपासून घेता येते का, विकता येते का, आणि नको असेल तेव्हा नाकारता येते का. माझ्या मते आज यातले जवळजवळ काहीच तिच्या हातात नाही. कायद्याने मात्र ते सगळे तिला देऊ केलेले आहे.

आधी पुडीची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. पुडी फसवणुकीने आलेली नाही. तमिळनाडूतल्या कडलूरला चिन्नी कृष्णन यांनी पुडीची कल्पना रुजवली आणि 1983 मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी ‘चिक’ शॅम्पू बाजारात आणला. पुढे एका टप्प्यावर ही पुडी पन्नास पैशांना मिळू लागली. रोजच्या मजुरीतून बाटलीचे पैसे बाजूला काढणे ज्यांना कधीच जमले नसते त्यांना एका न्हाण्यापुरते विकत घेता आले. ही सोय गरीब बाईच्या खिशाचा हिशेब ओळखून केलेली होती. बाकीच्या कंपन्यांनी तीच वाट धरली, कारण वाट बरोबर होती.

दुसरे, शिकेकाईने न्हायचे म्हणजे केवढे काम असते ते विसरून चालणार नाही. शेंगा कडकडीत वाळवायच्या, बिया काढायच्या, रिठ्याची टरफले आणि आवळकाठी घालून कुटायच्या किंवा दळून आणायच्या. आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, फडक्यातून गाळायचे आणि केसांत अडकलेला भुसा निघेपर्यंत पाणी ओतत राहायचे. सरपणही बाईनेच आणायचे, पाणीही बाईनेच. मार्च-एप्रिलमध्ये ती पहाटे अंधारात मोहफुले वेचायला गेलेली असते. मे महिन्यात तेंदूपाने, जुलैत रोवणी. तिच्या वर्षात न्हाण्यासाठी राखून ठेवलेली सकाळ क्वचितच सापडते. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी हे सांगावे की ती सकाळ तिला कोण देणार. तिचा वेळ आणि श्रम जमेस न धरता केलेली ‘निसर्गाकडे परत चला’ची हाक मला अन्यायकारक वाटते.

तिसरे कारण पाण्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, कोरपना, राजुरा हा चुनखडीचा पट्टा. तिथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते त्याच दगडावर. अशा जमिनीतले पाणी जड होते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा चोथा तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शिवाय साबणाचा सामू साधारण नऊ-दहा असतो, म्हणजे अल्कधर्मी. त्या अल्कात केस फुगतो, त्याच्यावरचे सूक्ष्म खवले उचलले जातात. वडीच्या साबणाने डोके धुतले की केस राठ, चिकट आणि गुंतलेले राहतात ते यामुळे. शॅम्पूतल्या कृत्रिम फेसकारकांचा असा चोथा होत नाही. साबणाने त्रासलेल्या माणसाला शॅम्पू हा सुटकेसारखा वाटला असेल तर त्यात नवल नाही.

पण हीच परीक्षा रिठाही उत्तीर्ण होतो. रिठ्याच्या टरफलात आणि शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. शॅम्पूतला सोडियम लॉरिल सल्फेट हेच काम करतो. सॅपोनिनला जड पाण्याचे वावडे नाही, त्याचा चोथा बसत नाही, आणि शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्यामुळे केसांचे खवले मिटलेले राहतात. फेस मात्र शॅम्पूपेक्षा कमी आणि लवकर मोडणारा. जाहिरातींनी आपल्याला फेस म्हणजे स्वच्छता असे शिकवले. मळ निघण्याचा आणि फेसाच्या उंचीचा तसा सरळ संबंध नाही. बाटलीतल्या शॅम्पूत धुणाऱ्या द्रव्याच्या जोडीला केस गुळगुळीत भासवणारी सिलिकॉन आणि तत्सम द्रव्येही असतात, आणि तो गुळगुळीतपणा रिठा देऊ शकत नाही. हा फरक आधीच सांगून टाकावा, म्हणजे पुढची निराशा टळते.

अमेरिका-युरोपात शॅम्पू सोडून देण्याची एक लाट येऊन गेली. तिथल्या अनेकांनी खाण्याच्या सोड्याने केस धुतले आणि वरून व्हिनेगर ओतले. सोडा अल्कधर्मी. म्हणजे साबणाचा जो दोष तोच तिथे पुन्हा. ज्या समाजाकडे फेस देणारे झाड हाताशी उरलेले नव्हते त्याने स्वयंपाकघरात शोधाशोध केली. आपल्याकडे ती वेळ आलेली नाही.

आता शिकेकाईबद्दलची एक गोष्ट. नैसर्गिक म्हटले की सगळ्यांना तीच आठवते, पण तिच्या काटेरी वेली दमट जंगलांत जास्त रमतात. पूर्व विदर्भाच्या पानगळीच्या रानात ज्याचे राज्य आहे तो मोह. या झाडाविषयी बोलायला लागले की चर्चा दारूवर जाते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तेव्हा ते स्वाभाविकही आहे. पण त्यामुळे मोहाचे फूल सगळ्यांच्या नजरेत राहिले आणि बी मागे पडले. टोळीच्या गरात जवळपास निम्मे तेल असते. ते खायला, दिव्याला, अंगाला आणि केसांना पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले आहे. तेल काढल्यावर उरते ती पेंड. तिच्यात सॅपोनिन भरपूर. दक्षिणेत मोहाच्या भाईबंदाची पेंड केस धुवायला वापरण्याची जुनी रीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच पेंड भारतातून ब्रिटनला जात असे आणि तिथल्या गोल्फच्या हिरवळींवर गांडुळे वर काढून मारण्यासाठी पसरली जात असे. इकडच्या झाडाच्या टाकाऊ पेंडीत काय ताकद आहे ते तिकडच्या माळ्यांना माहीत होते, हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. गांडूळ मारणारी वस्तू आपण डोक्याला लावणार आहोत. मत्स्यशेतीत तळ्यात बीजे सोडण्याआधी नको असलेले मासे मारायला हेक्टरी 2500 किलो मोहाची पेंड टाकण्याची शिफारस असते. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर आघात करते. दोनतीन आठवड्यांत विष ओसरते आणि तीच पेंड तळ्याला खत होते. गोंड, माडिया आणि ढीवर समाजांना वनस्पतींनी मासे गुंगवण्याची विद्या पूर्वापार ठाऊक आहे. म्हणजे ज्या द्रव्याने केसांचा मळ निघतो तेच जास्त झाले तर तलावातले मासे संपवते. चंद्रपूर-गडचिरोलीत माजी मालगुजारी तलावांवर शेती आणि मासेमारी दोन्ही चालते. उद्या एखाद्या गावात टोळीच्या पेंडीपासून केस धुण्याची पूड बनवायला लागले, तर तिथले धुवण तलावात न सोडण्याचा नियम पहिल्याच दिवशी करावा लागेल.

रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की भयंकर झोंबते, डोळे लाल होतात. त्याहून गंभीर गोष्ट सीताफळाच्या बियांची. उवांवर त्यांची पूड डोक्याला लावण्याचा घरगुती उपाय सगळीकडे माहीत आहे आणि तो उवांवर चालतोही. पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. अशा रुग्णांच्या नोंदी नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. वसतिगृहात एकमेकींच्या उवा काढणाऱ्या लहान मुलींच्या हाती ही पूड पडता कामा नये. झाडाने दिलेली वस्तू निरुपद्रवी असते ही समजूत जंगलात राहणाऱ्यांची कधीच नव्हती. कोणता कंद किती वेळ उकळायचा, कोणते पान कोणत्या महिन्यात टाळायचे, हे त्यांना ठाऊक असते. ही समजूत शहराची आहे, आणि शहराने ती ‘हर्बल’ शब्दाच्या आधाराने सगळीकडे विकली.

केसगळतीच्या बाबतीत तर मला जास्त राग येतो. पुडीवर लिहिलेले असो की शिकेकाईच्या पाकिटावर, केस गळणे थांबवण्याचे वचन दोघेही देतात. पूर्व विदर्भातल्या आदिवासी भागात बायांमधला रक्तक्षय आणि सिकलसेल हे जुने दुखणे आहे. शरीरात लोह कमी पडले की केस गळतात. कुपोषित मुलाचे केस विरळ, भुरे, लालसर होतात, हे बालरोगाच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या लक्षणांत येते. अशा बाईला केसगळतीवर काही लावायला विकणे, मग ते कंपनीचे असो की बचत गटाचे, म्हणजे तिच्या उपासमारीवर धंदा करणे आहे. तिला लोहाच्या गोळ्या, डाळ आणि तपासणी हवी. धुण्याच्या वस्तूने धुवावे, एवढेच तिचे काम.

हे सगळे मान्य करूनही मी या झाडांच्या बाजूने का उभा आहे? कारण इथे एक अशी गोष्ट घडली आहे जी देशात आधी कुठे घडली नव्हती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यासाठी देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अनेक वर्षे अभ्यास गट चालवले होते, आणि निर्णय सर्वसहमतीने घेण्याची शिस्त लावून घेतली होती. पुढे गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळाले. 2006 च्या या कायद्यात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची आहे, आणि 2012 च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले की विल्हेवाटीच्या हक्कात प्रक्रिया, साठवण, मूल्यवर्धन आणि वाहतूक येते. म्हणजे टोळी, आवळा, रिठा झाडाखालून उचलण्यापासून पुडी बांधण्यापर्यंतचा सगळा प्रवास गावाच्या हक्काचा आहे. बांबू आणि तेंदूपानांच्या बाबतीत अनेक ग्रामसभांनी हा हक्क वापरला, कारण त्यांना मोठे गिऱ्हाईक तयार होते. बाकीचा रानमाल मागेच राहिला.

केस धुण्याच्या मालात विशेष काळजी लागेल ती तोडणीची. शहरातून आवळ्याची मागणी वाढली की फळ पिकण्याआधी फांद्याच छाटून आणल्या जातात. दुसऱ्या गावाने आधी नेऊ नये म्हणून लोक घाई करतात. ‘नैसर्गिक’ शॅम्पूची पुण्या-मुंबईतली मागणी अशी थेट झाडाच्या फांदीवर येऊन बसते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने याचे उत्तर आपल्या परीने दिलेले आहे. तेंदूपाने तोडण्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, हे लक्षात घेऊन त्या ग्रामसभेने हाती येणारे तेंदूचे उत्पन्न सोडून दिले. जी ग्रामसभा पैसे सोडण्याचा ठराव करू शकते तिला आवळा कधी आणि कसा उतरवायचा हे ठरवता येणार नाही असे कोणी म्हणू नये. मला तर कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अशा ठरावाचा भरवसा जास्त वाटतो.

पण मालकी नुसत्या मालाची नसते, ज्ञानाचीही असते, आणि तिथे कायदा उलट्या दिशेला सरकला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने जैविक संपत्तीचा व्यापार करणाऱ्यांनी मिळकतीतला वाटा स्थानिकांना द्यावा अशी सोय केली. दिव्य फार्मसीच्या खटल्यात डिसेंबर 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने हे बंधन भारतीय कंपन्यांनाही लागू आहे असा निकाल दिला. त्यानंतर 2023 च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना या वाट्यातून सूट दिली. शिकेकाई, रिठा, आवळा हे आयुर्वेदाच्या ग्रंथांत नोंदलेले. म्हणजे त्यांच्यासाठी कोणाला काही देणे लागत नाही. उरते ते न लिहिलेले ज्ञान, माडिया आणि गोंड बायांच्या तोंडी असलेले. ज्याची नोंद नाही त्याचा वाटा मागायला पुरावा नाही, आणि ज्याची नोंद ग्रंथात आहे त्याचा वाटा कायद्याने काढून टाकला. या दोन्ही बाजूंनी बाईच रिकाम्या हाताने उभी राहते.

म्हणून नोंद कोण करतो याला फार महत्त्व आहे. डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीतल्या बायांनी झाडांविषयी जे सांगितले त्यातून उभे राहिले. वैद्यकाच्या प्रशिक्षित माणसाने या बायांना जाणकार मानून ऐकले, याचे मोल मला फार वाटते. आता पुढची नोंद गावांनी स्वतःच्या लोकजैवविविधता नोंदवहीत करावी. कोणत्या झाडाचे काय, कोणत्या हंगामात, कोणी सांगितले, कोणाची हरकत आहे, हे त्यात ग्रामसभेच्या मालकीने राहावे. आज अनेक ठिकाणी या नोंदवह्या बाहेरच्या माणसाने उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी भरलेल्या असतात. तशा नोंदीतून बाईचा आवाज सापडत नाही.

व्यवहाराचा प्रश्न परवान्याचा. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचे तर 2020 च्या नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना हवा, आयुर्वेदिक म्हणून विकायचे तर वेगळा परवाना, त्यासाठी ठरावीक जागा, यंत्रे, तज्ज्ञ माणूस. नियम आवश्यक आहेत. वर सांगितलेला डोळ्यांचा धोका पाहता ते ढिले करा असे मी म्हणणार नाही. पण कारखान्यासाठी आखलेला नियम दहा बायांच्या गटाला लावला की गट कच्चा माल विकण्याकडे परत जातो. मधला मार्ग शक्य आहे. तालुक्याला एक सामाईक प्रक्रिया केंद्र, त्याच्या नावे एक परवाना, आणि भोवतालच्या ग्रामसभांचा माल तिथे. सामू, ओलावा, जंतूंची संख्या या तपासण्या साध्या आहेत. 2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले, त्याच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. टोळीच्या पेंडीत सॅपोनिन किती, ते कितपत पातळ केले की कातडीला आणि डोळ्याला सोसते, यावर याच जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी काम करावे. काढा बाटलीत भरण्याचा मोह टाळावा, कारण तो दोन दिवसांत आंबतो आणि टिकवायला पुन्हा परिरक्षक आलाच. कोरडी पूड टिकते, आणि कागदी पुडीतून किंवा मापाने विकता येते. प्लास्टिक आणि चंदेरी पापुद्रा एकत्र चिकटवलेली शॅम्पूची पुडी भंगारवालाही घेत नाही, ती नाल्याच्या काठाने पडून राहते.

गिऱ्हाईक कोण? इथे बहुतेक प्रकल्प चुकतात असे मला वाटते. ते मुंबईच्या प्रदर्शनाकडे बघतात. पहिले गिऱ्हाईक जवळचे असावे: आश्रमशाळांतल्या मुली, ज्यांचे केस लांब असतात, पाणी अपुरे असते आणि उवांचा त्रास कायम असतो. त्यांच्यासाठी तपासलेली, डोळ्यांना कमीत कमी झोंबणारी, लवकर धुवून निघणारी पूड बनवणे हे खरे आव्हान आहे. दुसरे गिऱ्हाईक चंद्रपूर शहर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा जो निर्देशांक काढला त्यात चंद्रपूर चौथे होते. घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या माणसाच्या केसांत काळी धूळ बसते, आणि तिला हलकी शिकेकाई पुरणार नाही, रिठ्याचे प्रमाण वाढवावे लागेल. तेही आपल्याच प्रयोगातून ठरवायचे. आणि हे सगळे झाल्यावर, दोन्ही वस्तू समोर असताना, एटापल्लीच्या एखाद्या मुलीने शॅम्पूची पुडी उचलली तर तिला संस्कृतीचे धडे देण्याचा अधिकार कोणाला नाही. तिला त्यातला वास आवडत असेल, वेळ वाचत असेल. मात्र शेजारच्या कागदी पुडीवर भाव लिहिताना तिच्या आईच्या मजुरीचा हिशेब त्यात धरलेला असावा.

टोळी जून-जुलैच्या पावसात पडते. तेव्हा रोवणीचे दिवस असतात आणि ज्याला घाई असेल तो व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. ग्रामसभेला सुरुवात करायची असेल तर त्याआधी, उन्हाळ्यातच, साठवणीची कोरडी जागा, तेलघाणीची सोय आणि बायांना आगाऊ द्यायची रक्कम या तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात. आगाऊ रक्कम नसेल तर बाकीच्या दोन्ही फुकट, कारण रोवणीच्या महिन्यात घरात पैसा नसतो आणि त्या वेळी हातावर रोख ठेवणारा फक्त व्यापारीच असतो.